आधी पाणी, मग चौकशी

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. राखणीला माणूस ठेवायचा झाला तर विश्वास कोणावर टाकावा? प्रत्येक सावलीत ज्याला चोर दिसतो त्याच्यावर, की चोर दारात आला तरी 'या, बसा' म्हणतो त्याच्यावर? माझ्या दुकानात दोन्ही तऱ्हेचे गडी होऊन गेले. पहिल्याने पिशव्या तपासून तपासून गिऱ्हाईकच पळवलं. दुसऱ्याने तर एका भामट्याला माझाच तराजू उचलून गाडीत ठेवायला हात लावला! तेव्हापासून हा प्रश्न मला सुटलेला नाही. म्हणून ही गोष्ट सांगतो.

एकदा एक वृद्ध डॉक्टर वऱ्हाडातल्या एका कापसाच्या गावी मुक्कामाला आले. शरीर आपला शत्रू कसा ओळखतं आणि ओळखण्यात चूक कशी करतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. लोक त्यांना गुरुजी म्हणत. बरोबर त्यांची शिष्या होती, डॉक्टर वसुधा. हुशार, तडफदार, आणि तरुणपणी हुशार माणसं असतात तशी जरा घाईची. गावातल्या दम्याच्या मुलांना तपासायचं काम दोघांनी हाती घेतलं होतं. त्यांची उतरायची सोय जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचे मालक, बापूराव गुल्हाने यांच्याकडे होती.

बापूरावांची मुलगी ईश्वरी. थंडी पडली की पोरीचा श्वास अडकायचा. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा, खांदे वर चढायचे, आणि बाप नुसता पाठीवरून हात फिरवत बसायचा. कापसाची धूळ बाधते असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. संक्रांत झाली की तिला पुण्याला आत्याकडे कायमची पाठवायची, असंही ठरलं होतं. ईश्वरी एवढंच म्हणायची, "बाबा, मी जिनिंगकडे फिरकणारसुद्धा नाही. पण मला इथंच ठेवा."

वसुधाने मुलीच्या हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून, सुई हलकेच टोचून तपासणी केली. दोष कापसाचा निघालाच नाही. जुन्या गाद्यांच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे राहतात, त्यांचा निघाला. ते चावत नाहीत, रोग आणत नाहीत. पण ईश्वरीचं शरीर त्यांना वैरी समजून बसलं होतं.

"आत्याकडे काय गाद्या नसतील?" गुरुजी म्हणाले.

बापूराव हात जोडून म्हणाले, "मंग गुरुजी, पोरीच्या आंगातली ही भांडखोरी एकदाची मारून टाका ना बाप्पा! कायची वाट पाहता?"

वसुधालाही ते पटलं. "सर, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेतच. त्या चालू ठेवल्या तर हा गोंधळ आतल्या आत शांत होईल."

गुरुजी काही बोलणार, तेवढ्यात बाहेर घंटा घणघणली.

जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात. तिथं आगीची घंटा वाजली की कोणी 'कुठं' म्हणून विचारत नाही. आधी पाणी, मग चौकशी, हा त्या धंद्याचा रिवाज. आणि तो चुकीचा नाही, कारण कापूस विचारायला वेळ देत नाही. माणसं धावली, नळ्या सुटल्या, सर्वांत मोठी गंजी भिजून गेली. मग चौकशी झाली. आग नव्हतीच. रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, खोलीतून उडालेली रुईची तूस, तिचे बारीक तंतू, उन्हात तरंगत होती, आणि राखणदार सुदामला ती धूर वाटली होती.

ओला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो. जे आगीने केलं नाही ते पाण्याने केलं.

बापूराव लालबुंद झाले. "सुदाम्या, डोळे हायेत का बटनं? ती घंटा उतरवा आधी! अन् तू चालता हो!"

सुदाम खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत जळल्याचा जुना वण होता. "आधीच्या जिनिंगात मालक, तूस समजून मी बसून राह्यलो होतो," तो हळूच म्हणाला. "तो धूर निघाला जी."

 तेव्हा गुरुजींनी एक चमत्कारिक मागणी केली. "बापूराव, घंटा राहू द्या. सुदामही राहू दे. रोज सकाळी थोडा वेळ त्याला माझ्याजवळ सोडा."

दुसऱ्या दिवसापासून गावाला एक नवंच दृश्य दिसू लागलं. घंटेखाली बाकावर सुदाम, शेजारी गुरुजी. समोर एक बाई चिमूटभर तूस हवेत उडवायची. सुदामचा हात दोरीकडे जायचा, गुरुजी तो आपल्या हातात धरून ठेवायचे. "पाहा. नुसतं पाहा. खाली बसते ना?" पुढे चिमटीची मूठ झाली, मुठीची ओंजळ झाली. मधूनच कुणी खरी चिंधी पेटवून धूर करायचं, तेव्हा गुरुजी हात सोडून द्यायचे. "वाजव!"

"म्हातारं रिकामं दिसते," हमाल हसायचे. वसुधाला तर संकोच वाटू लागला. एवढे मोठे विद्वान, आणि राखणदारासमोर तूस उडवत बसलेत!

शेवटी तिने विचारलंच, "सर, मुलगी तिकडे धापा टाकते आहे. तुम्ही हे काय चालवलंय?"

गुरुजी बाकावर सरकून बसले, तिला जागा दिली. "वसुधा, ईश्वरी तान्ही असताना तिला काय झालं होतं? विचारलंस का?"

"हो. छातीत मोठा संसर्ग झाला होता. कशीबशी वाचली."

"म्हणजे आतल्या राखणदाराने आग पाहिलेली आहे. असं ज्याचं झालं त्या प्रत्येकाला दमा होतो असं नाही, आणि दमा होणाऱ्या प्रत्येकाचं असं झालेलं असतं असंही नाही. पण ज्याने एकदा होरपळून घेतलं, त्याला तूसही धूर वाटावी यात नवल काय? तो दुष्ट नाही, मुली. तो भ्यालेला आहे. तू त्याला झोपवायला निघालीस. जीवावर बेतलं तर ती गोळीही द्यावी लागते, मी नाही म्हणत नाही. पण कायमची? मग खरी आग लागली तर घंटा कोण वाजवील? भ्यालेल्याला मारायचं नसतं, झोपवायचंही नसतं. ज्याचं भय वाटतं त्याची चिमूटचिमूट ओळख करून द्यायची असते, आणि तोवर त्याचा हात धरून बसायचं असतं."

वसुधा उठली ती सरळ ईश्वरीकडे गेली.

उपचार ठरला तो साधा, पण लांबच्या वाटेचा. गाद्यांना घट्ट खोळी, चादरी कढत पाण्यात. श्वासनलिकांची सूज उतरायला रोजचा पंप. श्वास स्थिरावल्यावर त्याच धुळीतल्या किड्यांच्या अर्काचं औषध, वसुधाच्या नजरेखाली, जिभेखाली ठेवायचं. तेही वर्षानुवर्षं.

बापूराव कुरकुरले. "पंपाची सवय लागते म्हन्तात ना जी?"

"जेवणाची लागलीच आहे ना तुम्हाला?" गुरुजी त्यांच्या पोटाकडे पाहून म्हणाले. "ती सोडता का?"

संक्रांत आली, गेली. ओंजळभर तूस उडाली तरी सुदामचा हात आता दोरीकडे जात नव्हता. ईश्वरीची पेटी भरलीच नाही.

पुढच्या हिवाळ्यात शाळेत तापाची साथ आली. ईश्वरी फणफणली.  बापूरावांनी गुरुजी आणि वसुधा दोघांना बोलावून घेतलं. वसुधाने मुलीच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली. बापूराव दाराची चौकट धरून उभे.

"काय म्हन्ते छाती?"

"मोकळी आहे, काका." वसुधा नळी कानातून काढत म्हणाली. "यंदा खरा विषाणू आला आहे, आणि तिचं शरीर त्याच्याशीच लढतंय. ताप आहे तो त्या लढाईचा. मी रोज येऊन बघून जाईन. तुम्ही पेज द्या, आणि पंप चुकवू नका."

अंथरुणातून बारीक आवाज आला, "मग आता आत्याकडे?"

"कायची आत्या!" बापूराव उपरण्याने डोळे पुसत म्हणाले. "तिलेच इकडं बोलावतो. बसू दे पेज करत!"

बाहेर ओट्यावर आल्यावर वसुधा म्हणाली, "सर, माझ्या त्या गोळ्या तेव्हा सुरू केल्या असत्या, तर आज तिच्या बाजूने कोण लढलं असतं?"

 गुरुजींनी आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली, कारण वारा गार होता.

मंडळी, धंद्यातला माणूस म्हणून शेवटी एकच मागणं मागतो. तुमच्या घरात असं कोणी श्वासासाठी झगडत असेल, तर त्याच्या औषधाचा हिशोब खरा ठेवा; पुढचं औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. औषध चुकलं तो दिवस 'चुकलं' असाच सांगा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका.