केरबाने व्हिडिओ सुरळीत केला

एका गावात एक भोळा सुतार होता, केरबा. त्याला जे सांगाल ते तो करायचा. त्यात स्वतःचं काही घालायचा नाही.

त्याच्या पोरीचं लग्न झालं, तेव्हा त्याच्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. नातीचं लग्न त्यांना बघता आलं नाही. म्हणून त्या लग्नाचा व्हिडिओ बघायला मुद्दाम गडहिंग्लजहून आल्या. केरबा त्यांना आत्या म्हणायचा. चारच्या एसटीने त्यांना परत जायचं होतं.

व्हिडिओ पोरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर होता. केरबाने लावला, तर तो अडकायला लागला. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, तरी नवरीचा हात हारासकट वरच.

"पोरीचा हात दुखंल की," आत्या म्हणाल्या.

केरबाने तालुक्याच्या दुकानात सुभानला फोन लावला. सुभान कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"जुना झालाय तो," सुभान म्हणाला. "बाकी चालू असेल ते सगळं बंद करा, मग लावा."

केरबाने फ्रिज बंद केला. आत्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. शेजारी जाऊन तात्यांचा रेडिओ बंद केला. व्हिडिओ अडकतच राहिला. त्याने परत फोन लावला.

"घरातलं नव्हे, केरबादादा. कॉम्प्युटरच्या आत चालू असेल ते."

"असं सांगा की."

केरबाने स्क्रू ड्रायव्हर आणला. कॉम्प्युटरचा पत्रा उघडला. आत एक छोटा पंखा फिरत होता. दुसरं काही हलताना दिसेना. केरबाने कानावरची पेन्सिल काढून त्यात अडकवली. पंखा थांबला. थोड्या वेळाने कॉम्प्युटरही थांबला. केरबाने परत फोन लावून सगळं सांगितलं.

"अहो, पेन्सिल काढा आधी," सुभान फोनवर म्हणाला. "तापलेल्या वस्तूला वारा लागतो."

केरबाने पेन्सिल काढली. परसात त्याची बायको शालन चुलीवर भाकरी करत होती. चूल चांगलीच तापली होती. केरबाने टेबलफॅन नेला आणि चुलीसमोर लावला. राख भाकरीवर बसली, शालनवर बसली, आणि आत्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर बसली.

"गरम असंल ते झाकून ठेवावं, एवढं कळत नाही का तुम्हाला?" शालन म्हणाली.

"आता कळलं."

तो आत आला. कॉम्प्युटरला हात लावून बघितला. गरम होता. केरबाने कपाटातली जाड वाकळ काढून त्याला नीट पांघरली. मग व्हिडिओ लावला. दोन मिनिटांत पडदा काळा झाला.

अडीच वाजता सुभान स्वतःच मोटरसायकलवरून आला. त्याने वाकळ काढली, धूळ झाडली, पत्रा बसवला. मग आत काय काय साठवलंय ते बघितलं.

"गच्च भरलाय हो. म्हणून रखडतोय. बघून झालेले व्हिडिओ असतील ते कायमचे काढून टाका. जागा झाली की सरळ चालेल." एवढं सांगून तो गेला. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं.

शालन म्हणाली, "आता मनाचं काही करू नका. सुभान म्हणाला तेवढंच करा."

"तेवढंच करतो."

केरबा बसला. एकेक व्हिडिओ उघडून बघितला. बघितलेला असेल तो काढला, न बघितलेला ठेवला. घाई केली नाही. साडेतीनला काम संपलं.

"आत्या, या. आता कुठंच अडकत नाही."

आत्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर एक माणूस ट्रॅक्टरचं चाक बदलत होता. खरोखरच कुठं अडकत नव्हतं. आत्यांनी चाक बसेपर्यंत बघितलं.

"ह्यात माझी नात कुठाय?"

"हा दुसरा आहे. मी बघितला नव्हता, म्हणून राहिला."

"आणि लग्नाचा?"

"तो काढला."

"का ओ, जावईबापू?"

"बघून झाला होता, आत्या," केरबा म्हणाला. "अडकत अडकत सात वेळा."