हत्तीची पेन्सिल आणि ब्रेकची नळी

कान इकडे करा. झालं? मग ऐका.

एक होतं गॅरेज. गॅरेजमध्ये एक उंदीर. बोटाएवढा. त्याचं नाव हत्ती. नाव आजोबांनी ठेवलं होतं. का ठेवलं, ते आजोबांनाच माहीत. आजोबा आता नव्हते. आजोबांची पेन्सिल होती. लाल. एवढीशी. तिच्यावर आजोबांचे दात उमटले होते. हत्ती रोज दुपारी ती कुशीत घेऊन झोपायचा.

गॅरेज होतं रमजानचाचांचं. तिथे चाचांची निळी गाडी उभी होती. किती तरी वर्षं नुसती उभी. एक दिवस चाचांनी तिचं चाक काढलं. ब्रेक खोलला. ब्रेकची काळी नळी लोंबायला लागली. तेल सांडायला लागलं. टप टप टप.

चाचांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोपऱ्यात लाल पेन्सिल दिसली. उचलली. नळीच्या तोंडात खुपसली. पच. तेल थांबलं.

हत्ती उठला. कुशीत पेन्सिल नाही.

हत्ती निघाला, लुटूलुटू लुटूलुटू.

"नळीबाई, नळीबाई, माझी पेन्सिल द्या."

"सोडली तर तेल सांडेल. चाचा मला जोडायला आले की सोडते."

हत्ती निघाला, लुटूलुटू लुटूलुटू.

"चाचा, चाचा, नळी जोडा.
नळी सोडेना,
पेन्सिल मिळेना."

"अरे बाबा, जोडू कसा? वायसर कुठे गेला? तांब्याचा, गोल. घरंगळला आणि गेला कोंबडीखाली."

हत्ती निघाला, लुटूलुटू लुटूलुटू.

"कोंबडीताई, कोंबडीताई, वायसर द्या.
चाचा जोडेना,
नळी सोडेना,
पेन्सिल मिळेना."

"वायसर नाही. माझं अंडं आहे ते."

"त्याला मध्ये भोक आहे."

"खिडकी आहे ती. पिल्लाला बाहेर बघायला."

"मग जरा उठता का?"

"रेडिओवर गाणं लागलं तर नाचायला उठेन. नाही तर नाही."

हत्ती निघाला, लुटूलुटू लुटूलुटू.

"रेडिओकाका, रेडिओकाका, गाणं गा.
कोंबडी उठेना,
चाचा जोडेना,
नळी सोडेना,
पेन्सिल मिळेना."

"खर्र... खर्र... मी जुना आहे. धक्का बसल्याशिवाय वाजत नाही. शेळीला सांग, टेबलाला ढुशी मार."

हत्ती निघाला, लुटूलुटू लुटूलुटू.

"शेळीमावशी, शेळीमावशी, ढुशी मारा.
रेडिओ गाईना,
कोंबडी उठेना,
चाचा जोडेना,
नळी सोडेना,
पेन्सिल मिळेना."

"तुझं नाव काय?"

"हत्ती."

"बरं. मग तूच मार ढुशी. मी दचकले तरच मारते. हॉर्नला विचार."

हत्ती निघाला, लुटूलुटू लुटूलुटू. निळ्या गाडीत चढला.

"हॉर्नदादा, हॉर्नदादा, जोरात वाजा.
शेळी हलेना,
रेडिओ गाईना,
कोंबडी उठेना,
चाचा जोडेना,
नळी सोडेना,
पेन्सिल मिळेना."

हॉर्न हळूच म्हणाला, "मी नदीवर जाताना वाजायचो. आता ते कुणाला आठवतंय?"

"मला."

"तू तर तेव्हा नव्हतास."

"आजोबा होते. डिकीत बसायचे. चिवड्याच्या डब्याशेजारी. ते सांगायचे, चिंचेचं वळण आलं की तुम्ही वाजायचात."

"कसा वाजायचो?"

"पोंऽऽ पों."

हॉर्ननं घसा खाकरला. मग म्हणाला, "परत सांग."

"पोंऽऽ पों."

आणि हॉर्न वाजला. पोंऽऽ पों!

शेळी दचकली. ढुशी मारली. धाड!
रेडिओ हलला. गाणं लागलं. ला ला ला.
कोंबडी उठली. नाचली. थुई थुई.
चाचांना वायसर मिळाला.
चाचा जोडायला आले.
नळीनं पेन्सिल सोडली. पच.
चाचांनी वायसर लावला, नळी जोडली. कर्र कर्र कर्र.

चाचांनी पेन्सिल सदऱ्याला पुसली. नीट बघितली.

"हे दात तर त्या म्हाताऱ्याचे," चाचा म्हणाले. "सगळा चिवडा खायचा माझा." मग हसले. "घे रे, हत्ती."

हत्तीला पेन्सिल मिळाली.

चाचांनी नवं तेल ओतलं. चाक लावलं. चिवड्याचा डबा आणला. गाडी निघाली, भुर्रर्र. चाचा पुढे. शेळी मागे. रेडिओ शेळीच्या मांडीवर. कोंबडी चाकाच्या वर, पत्र्यावर.

"खाली माझं अंडं आहे," ती म्हणाली. "त्याला ऊब लागते."

हत्ती डिकीत. चिवड्याच्या डब्याशेजारी. पेन्सिल कुशीत. आजोबांच्या दातांशेजारी त्यानं आपला एक दात उमटवला. कट.

चिंचेचं वळण आलं. पोंऽऽ पों.

नदी आली. चाचांनी ब्रेक दाबला.

चीं.

गाडी थांबली. कोंबडीनं वाकून चाकाकडे बघितलं.

"बघा," कोंबडी म्हणाली. "निघालं पिल्लू."