महाराजांच्या घोड्याला फुटले सहा पाय

ऐन किल्ला सर होत असताना महाराजांच्या लॅपटॉपवर हिरव्या रेघा उमटल्या, आणि येसाजी हुजऱ्याच्या हातात बेड्या पडल्या!

गोमळगडच्या महाराजांनी उभ्या आयुष्यात खरी लढाई एकही केली नव्हती. तलवार उचलली की त्यांचा खांदा धरायचा. पण लॅपटॉपवरच्या खेळात त्यांनी पृथ्वी दोनदा जिंकली होती. असल्या शूर राजाच्या घोड्याला भर रणात सहा पाय फुटावेत आणि पडदा काळाठिक्कर पडावा, म्हणजे हद्दच झाली की!

"या हुजऱ्यानंच आपटलाय!" प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले. पंतांना लॅपटॉपमधलं काही कळत नव्हतं, म्हणून ते फार ठामपणे बोलत. "रोज उचलून आणतो तोच. दुसरं कोण असणार?"

"दिवस मावळायच्या आत याला वेशीबाहेर घालवा!" महाराज गरजले.

हे मुदपाकखान्यात कळलं तेव्हा येसाजीची लेक सगुणा भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच ती दरबारात धावत आली.

"महाराज, माझ्या आबांनी तान्ह्या पोरासारखा सांभाळलाय तो! बिघाड कशानं झाला ते मी दाखवते."

महाराज हट्टाला पेटले. "दाखव! पण आमच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही, तो उघडायचा नाही. रोग नेमका सांगायचा, आणि गुन्हेगारही! नाही जमलं, तर बापाबरोबर तूही वेशीबाहेर."

"आणि गुन्हेगार म्हणून महाराजांचं नाव घ्यायचं नाही," पंत घाईघाईनं म्हणाले. "तो नियम आपल्याकडे कायमचाच आहे."

सगुणानं लॅपटॉपकडे पाहिलं. राजाची वस्तू उघड्या फळीवर ठेवायची नाही, अशी गोमळगडची रीत! त्यामुळे लॅपटॉपची स्वारी मखमली उशीत पोटापर्यंत रुतून बसली होती. वरून जरीची शाल अशी लपेटलेली की बाहेर दिसत होता तो फक्त पडदा आणि बटणं.

"हा थाट कुणाच्या हुकमानं, महाराज?"

"आमच्याच!" महाराजांनी मिशीवर ताव दिला.

गुन्हेगार तर समोरच बसला होता, आणि त्याचं नाव तेवढं घ्यायचं नव्हतं. पण आता माघार कसली!

"आधी बघू, रोग पडद्याला आहे की आत चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला. तुमचे विजय दाखवायला दरबारात मोठा टीव्ही आहे ना? त्याची तार तुमच्याच हातानं जोडा, महाराज."

महाराजांनी स्वतः तार जोडली. राजानं हातानं काम केलं म्हणून दरबाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी लॅपटॉप पुन्हा सुरू करून लढाई रंगात आणली, आणि टीव्हीवरही त्याच हिरव्या रेघा, तोच सहा पायांचा घोडा!

"टीव्ही धडधाकट आहे, तरी रेघा आल्याच. म्हणजे पडद्याचा दोष नाही. आतलं कार्डच आजारी आहे."

"आपटल्यावर आजारी पडणारच!" पंत म्हणाले.

"आपटल्यानं झालं असतं, तर लॅपटॉप सुरू केल्याकेल्या रेघा दिसायला हव्या होत्या. सकाळी दिसतात का, महाराज?"

"छे! सकाळी घोड्याला चारच पाय असतात. लढाई रंगात आली की मग वाढतात."

"तेव्हा लॅपटॉप तापलेला असतो?"

"तापतो तर! थंडीत आम्ही त्यावर हात शेकतो."

"तापण्याचा आणि रेघांचा काय संबंध?" पंत खेकसले. "पुरावा दे!"

"देते की. प्रधानजी, तुम्हालाच मान देऊ या."

महाराजांना मौज वाटली, त्यांनी मान डोलावली. मग काय! भर दुपारी चौकातल्या उन्हात मखमली उशी मांडली. तीवर पंतांना बसवलं, नाकापर्यंत शाल लपेटली आणि हातात कुंचला देऊन महाराजांचं चित्र काढायला सांगितलं. मिशा बऱ्या उतरल्या. मग घाम सुटला. महाराजांचं नाक कानाकडे सरकलं, गालावरून आडवी रेघ गेली, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पंत "पाणी! पाणी!" करत आडवे झाले.

सगुणानं चित्र उचलून सगळ्यांना दाखवलं. "महाराज, पंतांना कुणी आपटलंय का?"

दरबाऱ्यांनी हसू दाबायला तोंडात उपरणी कोंबली. येसाजीच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"कार्डाचं हेच झालं. हवा घ्यायची भोकं उशीत बुजली, वरून शालीनं कोंडलं. आतला पंखा बिचारा नुसता फिरून करणार काय? रोज उकडून कार्ड निकामी व्हायला आलंय. ते दुरुस्तीला द्या, आणि पुढे लॅपटॉप साध्या पाटावर ठेवा."

"रोग कळला," घामानं ओलेचिंब पंत उठून म्हणाले, "पण गुन्हेगार? त्याचं नाव घे बघू!"

येसाजी लेकीला मानेनंच 'नको, नको' म्हणत होता.

सगुणा शांतपणे म्हणाली, "गुन्हा अति लाडाचा आहे, प्रधानजी. या लॅपटॉपचे सगळ्यात जास्त लाड कोण करतं, त्यानं हात वर करावा!"

रोज 'आमचा जीव की प्राण' म्हणणारे दरबारी एकदम जमिनीकडे पाहू लागले. पण कशातही दुसरा नंबर महाराजांना कधी सोसलाय?

"आमच्याहून जास्त कोण करणार?" त्यांनी ताडकन हात वर केला. "आम्हीच!"

मग त्यांचं त्यांनाच कळलं. हात तसाच वर राहिला.

"मी नाव घेतलं नाही हं, महाराज!" सगुणा म्हणाली.

महाराज तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग असे खदाखदा हसले की मुकुट घरंगळून पंतांच्या पायांशी गेला. तो उचलायचंही पंतांना सुचेना. येसाजीच्या बेड्या तिथल्या तिथे निघाल्या, तो हुजऱ्यांचा नाईक झाला. महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या पिठाच्या हातात घातलं, आणि लॅपटॉप दुरुस्तीला डोक्यावरून वाहून नेण्याचा मान त्र्यंबकपंतांना दिला!