द्रोणनगरीचा कोंडलेला वारा

एका राज्यात, डोंगरांच्या ओंजळीत, द्रोणनगरी नावाचे लहानसे नगर वसले होते. तिथे तांबटांच्या भट्ट्या अखंड पेटत. वैशाखात तापलेली हवा धूर उचलून आभाळात नेई. आषाढात पाऊस तो धुऊन टाकी. थंडीत मात्र उतारांवरून गारठा ओघळे, तळाशी साचे, आणि धूरही त्याच्यासवे तळाशीच राही. तेव्हा उत्तरेच्या खिंडीतून वारा येई आणि नगर झाडून काढी.

राजा सुषेणाने शत्रूचा खजिना लुटून आणला आणि चोरीच्या धास्तीने राजाची झोप उडाली. मग कालांजन नावाचा जादूगार दरबारी आला.

"महाराज, खिंडीत भिंत उभारतो. चोर सोडा, मुंगीही आत येणार नाही."

"मोबदला?"

"भिंतीवर राहण्यापुरती जागा."

राजाने होकार दिला. सूर्य मावळायच्या आत भिंत उभी राहिली.

मार्गशीर्ष आला. धूर रस्त्यांत उतरला. भरदुपारी दिवे लागू लागले. म्हातारी माणसे खोकून खोकून गेली. पौषात पाळण्यातली बाळे धापा टाकू लागली. राणी इरावतीचा तान्हा सुमेधही. राणी त्याच्या छातीला कान लावून बसे. एक श्वास आला की पुढच्याची वाट पाही.

एका सकाळी खिडकीत चंडोल पक्षी उतरला. पंख काजळीने माखलेले.

"राणी, मी उंच गेलो होतो. वर ऊन आहे."

"ऊब वर आणि गारठा खाली?"

"होय. ती ऊबच झाकण होऊन बसली आहे. धूर तिला टेकतो आणि परततो. वारा भिंतीपलीकडे कोंडला आहे. कालांजनाला गाठ."

राणी डोंगर चढली. धूर पायांखाली राहिला. भिंतीवर, लख्ख उन्हात, कालांजन माळ ओवीत बसला होता. खाली कुणाचा श्वास अडला की माळेत एक मणी वाढे.

"भिंत पाड, नाहीतर यावर उतारा सांग," राणी म्हणाली.

"मी पाडणार नाही. पण उतारा विचारणाऱ्याला तो सांगणे मला भाग आहे. नगरातली प्रत्येक आग विझव. शिखरावरची ऊब तळाशी ने. आणि भिंतीचा पाया उपट." असे म्हणून तो हसला.

राणी तांबटांच्या आळीत गेली. म्होरक्या वाघोजी भट्टीपुढे आडवा उभा राहिला.

"राणीसाहेब, धुराने माझी आई नेली. आता भट्टी विझवून पोरांना उपाशी मारू?"

"पोरे श्वास घेतील तरच जेवतील, वाघोजी."

वाघोजी बाजूला झाला. मग त्याने स्वतःच भट्टीत पाण्याची घागर ओतली. भट्ट्या विझल्या, चुली विझल्या. माणसे गोठ्यांत गुरांना बिलगून कुडकुडली. पण धूर जागचा हलला नाही.

"आग विझली, मग धूर का जात नाही?" लोक ओरडले. सुमेधचे ओठ निळे पडत होते.

तिने शिखरावर जाऊन घड्यात ऊब भरली. घडा खाली येईना. दावे तोडू पाहणाऱ्या वासरासारखा वर ओढू लागला. राणीने कमरेला दगड बांधले आणि ठेचकाळत चौक गाठला. घडा फोडला. ऊब पसरली, गारठा सैल झाला, धूर छपरांच्या वर गेला. क्षणभर लोकांना एकमेकांचे चेहरे दिसले. पण बाहेर पडायला वाट नव्हती. धूर पुन्हा खाली उतरू लागला.

"पाया दगडाचा नाही," चंडोल म्हणाला. "ज्या धनासाठी भिंत झाली, तेच तिचा पाया. ज्याने धरले, त्यानेच सोडावे."

राणी राजाकडे धावली. राजा खजिन्याच्या दाराला पाठ लावून उभा होता.

"हे राज्याचे वैभव आहे, इरावती. हे गेले तर मी कोण?"

राणीने बाळ त्याच्या हाती दिले. "ऐका, महाराज."

राजाने छातीला कान लावला. एक श्वास आला. राजा थांबला. पुढचा येईना.

बाळाला उराशी घेऊन राजाने लाथेने दार उघडले आणि चौकाकडे पाहून ओरडला, "न्या हो, कुणीही न्या! यातले काही माझे नाही!"

भिंत तडकली. दगड गडगडत दरीत गेले, कालांजनही त्यांच्यासवे गेला. माळ तुटली आणि मणी उधळले. जिवंतांचे श्वास आपापल्या छातीत परतले. मेलेल्यांचे मणी मात्र वाऱ्यावर विरून गेले. खिंडीतून वारा घुसला, धुराचा लोट दक्षिणेला निघाला. सुमेध खोकला, आणि टाहो फोडून रडला. राजाही रडला.

पुढे भट्ट्या दक्षिणेच्या डोंगरांपलीकडच्या माळावर नेल्या. थंडीत ऊन वर चढल्याशिवाय नगरात कुणी जाळ पेटवीत नसे. खिंडीत पुन्हा कुणी दगडावर दगड ठेवला नाही.

ज्या घरांतली माणसे गेली होती, तिथे राजा अनवाणी गेला. वाघोजीच्या दारी तो मान खाली घालून उभा राहिला. वाघोजीने दार सताड उघडले आणि राजाला आत घेतले. त्यांच्या मागोमाग वाराही घरात शिरला.