उतारावर उतरलेली सारसी

त्या राज्यात शहाणपण उंचावर राहत असे. पठारावर सारसांचे महाविद्यालय होते आणि खाली उतारावर साळिंदरांची बिळे. पठारही मुळात साळिंदरांचेच. महाविद्यालयाचा पाया खणताना त्यांना खाली सरकवले, ही गोष्ट मात्र महाविद्यालयाच्या इतिहासात नव्हती.

कुमुदिनी नावाची सारसी प्राचार्या झाली, तेव्हा तिला दोन गोष्टी खटकल्या. वर्गात एकही साळिंदर नव्हते, आणि कंदमुळे शिकवणाऱ्या एकाही गुरुजींनी जन्मात कंद उकरला नव्हता. तिने उतारावर आमंत्रण धाडले. कोणी आले नाही. दुसरे धाडले, अधिक अलंकारिक भाषेत. तेही वाऱ्यावर गेले.

तेव्हा पंख असूनही ती पायी उतरली. दोनदा घसरली, आणि झिपरीआजीच्या बिळापाशी पोचली ती चिखलाने माखूनच. साळिंदरांतल्या या सर्वांत वडीलधाऱ्या आजीने काटे फुलवले.

"मागं एक सारस आला होता," ती म्हणाली. "चार दिवस राहिला, सगळ्या कंदांची नावं वह्यांत लिहून घेऊन गेला. पुन्हा तोंड दाखवलं नाही."

कुमुदिनीला तो सारस ठाऊक होता. त्याच नावांवर त्याला सभेत मानाचे आसन मिळाले होते. तिची मान खाली गेली.

"मी काय करू, आजी?"

"आधी उकर."

पहिला दिवस चोचीत नुसती माती. दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या दिमाखात एक गलेलठ्ठ कंद बाहेर काढला.

"खा की! आठ दिवस घसा खाजवत बसशील," आजी म्हणाली, आणि साळिंदरांची पिल्ले लोळून लोळून हसली. कुमुदिनीलाही हसू आवरेना. प्राचार्या झाल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

मग ती रोज येऊ लागली. पावसाळा सरला, थंडी आली, तरी येत राहिली. वाळक्या वेलीवरून खालचा कंद तिला ओळखू येऊ लागला. कंद काढल्यावर त्याचा शेंडा पुन्हा मातीत पुरायचा असतो, हेही ती शिकली.

पठारावर कुजबुज वाढली, तेव्हा तिने भर सभेत आजीकडून कळलेले सगळे सांगून टाकले, पाया खणताना साळिंदरांना खाली सरकवल्याचे आणि कंदांच्या नावांचेही. मानाच्या आसनावरचा सारस बराच वेळ एका पायावर उभा राहिला. मग दुसरा पाय टेकवून म्हणाला, "वह्या मी स्वतः परत नेऊन देतो."

आजीने त्याला त्या सगळ्या मोठ्याने वाचायला लावल्या.

"सात नावं चुकलीत," ती म्हणाली. "आता मलाच वर यावं लागणार."

चैत्रातल्या एका सकाळी पठारावर, उघड्या आभाळाखाली, वर्ग भरला. सारसांची आणि साळिंदरांची पिल्ले काटे लागणार नाहीत इतक्या अंतरावर बसली. थोड्या वेळाने त्याहूनही जवळ. झिपरीआजीने घसा खाकरला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"कुमुदिनी?"

मागच्या ओळीत मातीत फतकल मारून बसलेल्या प्राचार्येने आपली लांब मान उंच केली आणि सगळ्या पठारावर ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "हजर!"