जांभळीखालची जागा

“लांडग्याला माफी मिळणार, आणि वर नदीकाठची जागासुद्धा! पण म्हणे...” एवढे बोलून साळुंकी भुर्रकन उडाली. खाली गवतात एक सशीण कान टवकारून बसली होती. तिने तेवढेच ऐकले आणि तिचा नुसता जळफळाट झाला.

मुलांनो, त्या जंगलावर कित्येक वर्षे लांडग्यांचे राज्य होते. कोणाकोणाची पिल्ले नाहीशी झाली, त्यात या सशिणीचेही होते, पण विचारायची सोय नव्हती. आता हत्ती राजा झाला होता. त्याने दवंडी पिटवली, “जो लांडगा सभेत खरं सांगेल, त्याचा जीव वाचेल. मात्र विचारायचं, ते ज्याचं गेलं त्यानेच.” शेजारच्या हरिणीने विचारले, तेव्हा तिला आपल्या पाडसाची जागा कळली. रोज ती तिथे कोवळा पाला ठेवून येई. सशीण बिळातून डोकावून बघे आणि जळे. रडायला का होईना, हिला जागा तरी आहे!

सभेच्या सकाळी हरिणी हाक मारायला आली. “अगं ए, चल लवकर. तुझं पिल्लू नेणारा लांडगा आज सभेत येणार आहे.”

“मी नाही येत जा! त्याला नदीकाठ, तुला पाडसाची जागा. मला काय, ठेंगा?”

“तू नाही विचारलंस तर कोण विचारणार? गप्प बसून सुटेल ना तो!”

सशीण पाय आपटतच निघाली. सभेत मात्र तिच्या तोंडून कसेबसे एवढेच निघाले, “माझं पिल्लू कुठे आहे?”

लांडग्याने मान खाली घातली. “नदीकाठच्या जांभळीखाली. मीच मारलं. मीच पुरलं.”

हत्ती म्हणाला, “तुझा जीव वाचला. पण आता नदीकाठच्या उघड्या वाळूवर राहायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. जांभळीच्या सावलीत पाऊल टाकायचं नाही.” मग तो सशिणीकडे वळला. “बाई, मी त्याला माफ केलं.”

“ती तुमची माफी, महाराज. माझी मी अजून दिलेली नाही.”

हत्तीने सोंड खाली केली. “तुझी तुझ्यापाशी. ती कोणी मागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी जांभळीखाली हरिणीने आपल्यातला अर्धा पाला सशिणीपुढे ठेवला. वरून साळुंकीने विचारले, “काय गं, लांडग्याला माफी आणि नदीकाठ मिळाला म्हणे! खरं का?”

सशीण माती थोपटत म्हणाली, “अर्धं.”

तात्पर्य एवढेच, मुलांनो : दुसऱ्याला काय मिळाले यावर जळत बसले, की आपले विचारायचे राहून जाते, आणि राजाने माफ केले, तरी ज्याचे गेले त्याची माफी त्याच्याच हातात असते.