वाघाकडचं टोक

हिरणगडच्या राजेसाहेबांना नरभक्षक वाघाच्या शिकारीसाठी नवी बंदूक हवी होती. काम जैतुनबी शिकलगारीण हिच्याकडे आलं. नवऱ्यामागे भट्टी तिनेच चालवली होती, आणि तिच्या हातची एकही बंदूक आजवर फुटली नव्हती.

तिने नळीसाठी उंची पोलाद मागितलं आणि दस्त्याला साधं बाभळीचं लाकूड. कारभारी विश्वासराव भर दरबारात खेकसले, "नळीतलं पोलाद कोणाला दिसतंय? तिथे साधं लोखंड चालेल. दस्त्याला हस्तिदंत आणि चांदी लाव. राजेसाहेबांच्या हातात शोभली पाहिजे!"

साधी नळी फुटली तर राजेसाहेबांच्या जिवावर बेतेल, हे जैतुनबी जाणून होती. पण असलं अभद्र दरबारात बोलायचं कसं? ती अदबीने म्हणाली, "हुकूम होईल तशी घडवते, सरकार. फक्त एक सांगा, वाघासमोर बंदूक कशी धरणार? दस्ता त्याच्याकडे करणार असाल, तर चांदी जरूर लावते."

राजेसाहेब खदखदून हसले. मग कारभाऱ्यांकडे वळून म्हणाले, "पोलाद आजच भट्टीवर पोचवा. तुम्ही स्वतः घेऊन जा."

महिन्याभरात वाघ पडला. बाभळीच्या दस्त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.